नऊ किलो इंग्रजी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कुणालाही इंग्रजी येत नव्हतं, तेव्हाही घरात इंग्रजी होतं. चांगलं नऊ किलो होतं. कॉटखाली, फाटक्या सतरंजीत गुंडाळलेल्या एका लाकडी केसमध्ये ते पडून असायचं. पावसाळ्यात जमीन ओलावली की आई ती केस दोन विटांवर चढवायची आणि अण्णांना विचारायची, "तुमचं हे शिसं घरातनं जायचं कधी?" अण्णा नुसते हसायचे. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच घरी कॉटखाली अशी एक पेटी असते. शाळेत गेल्यावर कळलं, तसं नसतं. आणि कॉलेजात आल्यावर त्या पेटीची मला लाज वाटू लागली. ती लाज कशी गेली, ते सांगावं म्हणून हा लेख.

माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी जुना छापखाना पाहिलेला नाही, म्हणून थोडं सांगते. केस म्हणजे उथळ, पसरट खोका. त्यात लहानमोठे खण पाडलेले आणि एकेका खणात एकेका अक्षराचे खिळे. खिळा म्हणजे टाईप. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेला, सुमारे तेवीस मिलिमीटर उंचीचा चौकोनी तुकडा. त्याच्या डोक्यावर एक अक्षर, तेही आरशात दिसावं तसं उलटं. अंगावर एका बाजूला बारीक खाच. ती बोटाला लागली की खिळा सुलटा धरलाय की उलटा, ते न पाहता समजतं. असे खिळे एकामागून एक उचलायचे, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये रचायचे, ओळ भरली की घट्ट करायची. आणि छपाई झाली की प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात सोडायचा. हे काम करणाऱ्याला छापखान्यात कंपोझिटर म्हणत. माझे वडील कंपोझिटर होते.

१९८४ साली, सातवीनंतर अण्णांची शाळा सुटली आणि ते बार्शीतल्या एका छापखान्यात लागले. पहिली दोन वर्षं नुसता टाईप सोडण्याचं काम. मग जुळणी. लग्नपत्रिका, बिलबुकं, यात्रेची हँडबिलं, तेराव्याची कार्डं, निवडणुकीची पत्रकं. मराठी त्यांना वाचता येई, त्यामुळे मराठी मजकूर ते वाचत वाचत जुळवत. इंग्रजीची गोष्ट वेगळी होती. एबीसीडी त्यांनी केसवरच शिकली. कोणतं अक्षर कोणत्या खणात, एवढंच ते शिक्षण. शब्दाचा अर्थ कळत नसे. कागदावरचं अक्षर बघायचं आणि हात आपोआप त्या खणात जायचा. "माझ्या डोक्याला इंग्लिश येत न्हाई, हाताला येतंय," असं ते अजूनही म्हणतात.

२००५ साली छापखाना बंद पडला. ऑफसेट आणि कॉम्प्युटर येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. अण्णांचा सात महिन्यांचा पगार थकला होता. मालकांनी पैशांऐवजी टाईप दिला: चार केसी मराठी आणि एक केस इंग्रजी. अण्णांनी तो हातगाडीवर घालून घरी आणला. मग मराठी एकेक करून भंगारात गेली. एक केस घरावर पत्रा घालताना गेली. एक २००६ साली, माझ्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या बिलापायी गेली. उरलेल्या दोन आजीच्या आजारपणात गेल्या. म्हणजे माझा जन्म पायका मराठीच्या भावाने झाला, असं म्हणायला हरकत नाही.

बारावीत असताना मी अण्णांना एकदा विचारलं, "तुम्ही वाचता येणारी भाषा विकलीत आणि न येणारी ठेवलीत. असं का?" मला वाटलं होतं, ते म्हणतील, "तुझ्यासाठी ठेवली, पोरी. तू शिकशील म्हणून." सिनेमात म्हणतात तसं. अण्णा म्हणाले, "इंग्लिश एका केसमधी मावतंय. मराठीला चार लागत्यात. आपल्या खोलीत जागा कुठं हाय?"

तेव्हा मला ते उत्तर फार कोरडं वाटलं. पुढे समजलं, की ते अगदी नेमकं होतं. इंग्रजीची सव्वीस मोठी अक्षरं, सव्वीस लहान, आकडे, विरामचिन्हं, संपलं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं असे शेकडो खिळे. जुळणी करणाऱ्याच्या समोर आणि दोन्ही अंगांना मिळून चार केसी मांडलेल्या असत आणि त्या सगळ्या त्याला पाठ असाव्या लागत. निर्णयसागर छापखाना १८६९ साली मुंबईत काढणारे जावजी दादाजी यांचंही शालेय शिक्षण बेताचंच होतं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली होती. आपली लिपी शिशात बसवणाऱ्यांत असे हाताने शिकलेले लोक होते, हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं.

आता कॉटखालच्या अक्षरांविषयी. ती २४ पॉइंटची आहेत, म्हणजे खिळ्याची जाडी इंचाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. सगळी अक्षरं उजवीकडे कललेली. आणि प्रत्येकाच्या पायाशी एक जाड, आडवी, चौकोनी पट्टी. मोठ्या ए ला तर वर शेंड्यावरही तशीच पट्टी आहे, टोपी घातल्यासारखी. छापखान्यात या टाईपाला 'बूटवाला तिरका' म्हणत. मालक आतून ओरडायचे, "हेडिंग बूटवाल्यात घे रे!" आणि अण्णा घेत. 'कॅश मेमो', 'ग्रँड ओपनिंग', 'वेडिंग इन्व्हिटेशन', आणि बिलाच्या तळाशी 'थँक्स, व्हिजिट अगेन'. अर्थ न कळता अण्णांनी हे शब्द हजारो वेळा जुळवले.

गेल्या वर्षी आमच्या भित्तिपत्रकाचा मथळा कोणत्या वळणाचा असावा, याची चर्चा चालली होती. इंग्रजीचे सर मोबाईलवर नमुने दाखवत होते. एका नमुन्यापाशी थांबून ते म्हणाले, "हा स्लॅब सेरिफ, त्यातला इटॅलिक. मथळ्याला फक्कड दिसतो." मी वाकून पाहिलं, तर आमचा बूटवाला तिरका! मी ओळखलं, पण बोलले नाही. बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, "तुला कसं ठाऊक?" प्रवेशाच्या अर्जात 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात मी 'खाजगी नोकरी' असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. अण्णा आता एका फ्लेक्सच्या दुकानात फ्रेमवर फ्लेक्स ताणून बसवायचं काम करतात. पण ते शब्द मी कशासाठी निवडले होते, ते मला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून मात्र मी ग्रंथालयात आणि मोबाईलवर या अक्षरांचा माग काढू लागले.

अक्षराच्या रेघेच्या टोकाशी जी छोटी आडवी रेघ असते, तिला सेरिफ म्हणतात. पुस्तकातल्या इंग्रजी अक्षरात ती नाजूक असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये भिंतीवर लावायच्या जाहिरातींचा सुळसुळाट झाला. नाटकं, लिलाव, लॉटरी. पुस्तकातलं अक्षर नुसतं मोठं करून भागेना, कारण लांबून त्याच्या बारीक रेघा दिसेनाशा होत. १८१५ च्या सुमारास विन्सेंट फिगिन्स या टाईप ओतणाऱ्याने बारीक रेघ जवळजवळ काढूनच टाकली. दांडा जाड आणि पायाची पट्टीही जवळपास तेवढीच जाड. त्याने या टाईपाला 'अँटिक' असं नाव दिलं. पुढे या जातीला 'इजिप्शियन' हे नाव पडलं. नेपोलियनने १७९८ साली इजिप्तवर स्वारी केल्यानंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं होतं, त्यातलं हे नाव. अक्षरांचा पिरॅमिडशी काही संबंध नाही. तरी पुढे १९२९ साली जर्मनीत निघालेल्या अशाच एका टाईपाचं नाव 'मेम्फिस' ठेवलं गेलं आणि अमेरिकेतल्या एकाचं 'कार्नाक'. एकदा पडलेलं नाव गावातही असंच चिकटतं.

१८२० साली विल्यम थॉरोगुड नावाच्या माणसाने लंडनची फॅन स्ट्रीट फाउंड्री विकत घेतली. टाईप ओतण्याचा अनुभव नसताना, लॉटरीत मिळालेल्या पैशांतून त्याने ती घेतली, असं सांगतात. ज्या लॉटरीच्या जाहिरातींनी जाड अक्षरांना पोसलं, त्याच लॉटरीने त्या अक्षरांना मालक मिळवून दिला! याच फाउंड्रीतून रॉबर्ट बेस्ली याने १८४५ साली 'क्लॅरेंडन' काढला. त्यात पट्टी आणि दांडा यांच्या सांध्यात किंचित गोलाई आहे, त्यामुळे तो जाड असूनही पुस्तकात शोभतो. शब्दकोशात मूळ शब्द ठळक छापायला तो फार उपयोगी पडला. बेस्लीने कायद्याने नोंदणी करून तीन वर्षांचं संरक्षण मिळवलं. मुदत संपताच इतरांनी भराभर नकला काढल्या. हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तिकडं बी असंच!"

तिरकेपणाची कथा आणखी जुनी. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मान्युशियस याने १५०१ साली व्हर्जिलच्या कविता एका लहान, हातात मावणाऱ्या पुस्तकात छापल्या, त्या या तिरक्या अक्षरात. विद्वान लोक भरभर लिहिताना त्यांचं अक्षर जसं कलतं, तशी अक्षरं फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने पोलादात कोरून दिली. तेव्हा अख्खं पुस्तकच तिरकं असे. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असला की तेवढाच तिरका छापायचा, ही रीत नंतरची.

हे वाचताना माझ्या मनात आलं, की या टाईपाचे आईबाप किती निराळे आहेत! तिरकं अक्षर जन्मलं ते एकट्याने, मांडीवर पुस्तक घेऊन वाचण्यासाठी. बूटवालं जन्मलं ते भिंतीवरून ओरडण्यासाठी. दोघांच्या मिलनातून झालेलं अक्षर कसं दिसतं? आठवडी बाजारात टोपली डोक्यावर घेऊन, ओरडत, भरभर चालणाऱ्या बाईसारखं दिसतं. पाय जमिनीवर पक्के, पण अंग पुढे झुकलेलं. एका जागी ते थांबलेलं वाटत नाही. म्हणूनच दुकानाच्या उद्घाटनाला, सेलला, सर्कशीच्या हँडबिलाला ते शोभतं. शोकसंदेश मात्र त्यात कधी घेत नसत, असं अण्णा सांगतात. कुणी शिकवलं नव्हतं, पण "मयताच्या कार्डाला पळतं अक्षर कसं चालंल?" हा त्यांचा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकातल्या नियमापेक्षा पटतो.

तिरक्या अक्षरातही दोन तऱ्हा असतात. एकीत अक्षराचं वळणच बदलतं, लहान ए हाताने लिहितो तसा साधा गोल होतो. दुसरीत उभंच अक्षर कलतं. लहान ए चं वरचं आकडेदार डोकं तसंच राहतं. आमच्या केसमधली अक्षरं दुसऱ्या तऱ्हेची आहेत. इंग्लंडच्या मोनोटाईप कंपनीने १९३४ साली काढलेल्या 'रॉकवेल'च्या इटॅलिकच्या चालीची. नुसतं कलवणं वाटतं तेवढं सोपं नसतं. गोल अक्षर यंत्राने ढकललं की त्याची एक बाजू फुगते आणि दुसरी रोडावते. म्हणून कसबी माणूस प्रत्येक गोल पुन्हा सावरून काढतो.

आणि शिशात आणखी एक अडचण. अक्षर तिरकं, पण खिळा चौकोनीच. त्यामुळे काही अक्षरांचं टोक खिळ्याच्या बाहेर डोकावतं आणि शेजारच्या खिळ्यावर टेकतं. लहान एफ चं नाक असंच बाहेर आलेलं असतं. जरा जोरात ठोकलं की तुटतं. आमच्या केसमध्ये चार एफ आहेत आणि त्यांतल्या तिघांना नाक नाही. एरवी मात्र बूटवाला फार सोशिक. आमच्यासारख्या गावात ट्रेडल जुनं, कागद हलका, शाई कधी जास्त, कधी कमी. नाजूक रेघांची अक्षरं अशा संसारात टिकत नाहीत. बूटवाला टिकला.

हे सगळं वाचल्यावर एका रविवारी मी केस कॉटखालून ओढली आणि खिळे मोजायला बसले. मथळ्याचा टाईप फाउंड्रीतून येतो तोच मोजका. एखादी ओळ निघावी, परिच्छेद निघू नये, इतकीच अक्षरं. कोणतं अक्षर किती द्यायचं, ते इंग्रजी भाषेच्या हिशेबाने ठरतं. इंग्रजी मजकुरात शंभर अक्षरांत साधारण बारा ई येतात आणि आठ ए. म्हणून केसमध्ये ई जास्त. मी मोजले तर लहान ई चौदा होते, लहान ए फक्त सहा.

पण त्याहून मोठी गोष्ट मला बोटांनी कळली. ई चे खिळे धारदार होते, जवळजवळ नवे. आणि ए चे सहाच्या सहा खिळे झिजून गुळगुळीत झाले होते. बुटांचे कोपरे गोल झालेले, डोकं चेपलेलं. मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "आपली नावं बघ की. नारायणराव, बाळासाहेब, कमलाबाई. ए शिवाय नाव हाय का एक तरी? लग्नसराईत ए कधी पुरलाच न्हाई."

मी गप्प बसले. टाईपाची घडण इंग्लंडातली, हिशेब इंग्रजीचा. पण झिजला तो आमच्या नावांनी. बार्शीतली कितीतरी लग्नं त्या सहा अक्षरांच्या अंगावर उमटली होती.

मोजता मोजता एन च्या खणात मला एक यू सापडला. एन आणि यू हे एकमेकांचे उलटे भाऊ. बूटवाल्या वळणात तर पटकन ओळखू येत नाहीत. मी हसत तो अण्णांना दाखवला. अण्णा हसले नाहीत. खिळा त्यांनी हातात घेतला, अंगठ्याने त्याची खाच चाचपली, आणि मग मला १९९८ सालची हकीकत सांगितली.

एका दुकानदाराची बिलबुकं होती. तळाशी 'संडे क्लोज्ड' एवढीच इंग्रजी ओळ. टाईप सोडणाऱ्या पोराने एन च्या खणात एक यू टाकला होता. अण्णांचा हात सवयीने खणात गेला आणि 'संडे'तल्या एन च्या जागी यू बसला. प्रूफ मालकांनीच पाहिलं होतं. दोन हजार पानं छापून झाली, बांधून झाली, आणि दुकानदाराच्या शिकलेल्या मुलाने चूक पकडली. दुकानभर हशा झाला. कागदाचे पैसे अण्णांच्या पगारातून कापले. "मला बोलले त्याचं काय न्हाई," अण्णा म्हणाले. "पर खणात हात घातला, खाच लागली, उचलला. खाच बराबर हुती."

खाच बरोबर होती. म्हणजे त्यांच्या कामात त्यांच्याकडून काहीच चुकलं नव्हतं. चूक दिसायला जे लागतं, तेवढं त्यांना कुणी दिलेलं नव्हतं.

मला माझीच एक गोष्ट आठवली. नववीत असताना मी फ्लेक्सच्या दुकानात अण्णांचा डबा घेऊन गेले होते. त्यांनी नुकत्याच ताणून बसवलेल्या फ्लेक्सवर इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. मी सगळ्यांदेखत मोठ्याने हसले होते आणि म्हटलं होतं, "अण्णा, एवढं पण कळत नाही?" ते फ्लेक्स त्यांनी लिहिलं नव्हतं, फक्त ताणलं होतं. अण्णांनी तेव्हा फक्त डबा घेतला होता. त्या दुकानदाराच्या मुलात आणि माझ्यात काय फरक होता, हे मी अजून शोधते आहे.

फ्लेक्सचा विषय निघालाच आहे, तर एक सांगते. आज आपल्या चौकाचौकांत वाढदिवसाची जी फ्लेक्स लागतात, त्यांवर 'भाऊ', 'दादा', 'साहेब' हे शब्द असेच जाड आणि तिरके असतात. कॉम्प्युटरवर बटण दाबलं की देवनागरी कलते. पण ती चालताना दिसत नाही, कुणीतरी ढकलल्यासारखी दिसते. असं का, याचा उलगडा अण्णांनी केला. ते म्हणाले, "इंग्लिश अक्षर पायावर हुबं ऱ्हातंय. आपलं वरच्या रेघंला टांगल्यालं असतंय. टांगल्याल्याला बूट कशाला?" खरंच, शिरोरेघ आडवी ती आडवीच राहते आणि खालचे दांडे तेवढे झुकतात, वाऱ्यात दोरीवरचे कपडे उडावेत तसे. आपल्या अक्षराला जोर द्यायचा तर तो शिरोरेघेतून, दांड्यातून, वळणातून द्यावा लागतो. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं पाहावीत. २०२० साली ते गेले. नाटकाचं नाव वाचण्याआधीच नाटकाचा स्वभाव त्यांच्या अक्षरांतून कळायचा. असा झोक शिशाच्या खिळ्यात मिळत नसे. छापखान्याला तसं काही हवं असलं, तर चित्रकाराकडून अक्षरं काढून घेऊन त्यांचा ब्लॉक करावा लागे.

दिवाळीच्या सुट्टीत मी अण्णांना म्हटलं, "एकदा छापून दाखवा ना." त्यांनी आधी उडवून लावलं. ना मशीन, ना रूळ. मग संध्याकाळी स्वतःच उठले. आमच्या दारातली शहाबादी फरशी धुऊन पुसली. छापखान्यातही फर्मा दगडावरच बांधत. शाई एका ओळखीच्या ऑफसेटवाल्याकडून बाटलीच्या बुचात आणली. आईच्या लाटण्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून रूळ केला. आई कडक भाकऱ्या करून विकते. भाकरी थापायची असते, लाटणं लागत नाही, म्हणून ते मिळालं तरी.

"काय घ्यायचं?" स्टिक हातात धरून अण्णांनी विचारलं. ही स्टिक त्यांनी एवढी वर्षं ट्रंकेत ठेवली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"तुमचं नाव. पूर्ण."

ते थोडे थांबले. इतकी वर्षं त्यांनी गावातल्या सगळ्यांची नावं जुळवली होती. स्वतःचं कधी जुळवलं नव्हतं. मी कागदावर इंग्रजीत लिहून दिलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि हात चालू लागला. मी पाहत होते. डोळे कागदावर, हात केसवर, आणि मध्ये खिळ्यांचा टिकटिक आवाज. वीस वर्षांचा खंड त्या हाताला जाणवत नव्हता. मग हात ए च्या खणात थांबला. खण रिकामा होता. नाव, आजोबांचं नाव आणि आडनाव मिळून लहान ए नऊ लागत होते.

"मी म्हणलं नव्हतं? पुरत न्हाई," अण्णा म्हणाले. पण त्यांच्यापाशी त्याचीही युक्ती होती. लग्नसराईत ते हेच करत. नाव आणि आजोबांचं नाव एवढंच जुळवलं, आडनावाची जागा कोऱ्या खिळ्यांनी भरली, दोऱ्याने बांधलं, शाई फिरवली, वर कागद ठेवला, त्यावर दुमडलेलं फडकं आणि लाकडी ठोकळा, आणि मुठीने ठोकलं. कागद उचलला. मग तेच ए सोडवून आडनाव जुळवलं आणि त्याच कागदावर, त्याच ओळीत दुसऱ्यांदा छापलं.

आडनाव केसभर खाली उतरलं आहे. शाईही थोडी फिकी आहे. अण्णांना ते आवडलं नाही. "मशीनवर आसं झालं नसतं," असं ते दोनदा म्हणाले. मग कागद उजेडाकडे धरून त्यांनी विचारलं, "हे माझंच नाव हाय न्हवं? वाचून दाखव." मी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं. बूट घातलेलं, पुढे झुकलेलं, भरभर निघालेलं ते नाव. चाळीस वर्षांपूर्वी छापखान्यात लागलेल्या पोराचं.

तो कागद आता माझ्या वहीत आहे. भित्तिपत्रकाच्या पुढच्या अंकाला मथळा आमच्या केसमधून देण्याचं मी सरांना कबूल केलं आहे. ए कमी पडतील, पण त्यावरची युक्ती मला आता येते.

आणि यंदाच्या परीक्षेच्या अर्जावर 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात मी काय लिहावं, याचा बराच विचार केला. कंपोझिटरला मराठीत एक छान शब्द आहे, तो मराठीच्या बाईंनी सांगितला होता. तो मी लिहिला: 'जुळारी'. खिडकीतल्या कारकुनांनी चष्मा वर करून अर्ज पाहिला आणि म्हणाले, "ज्वेलरी? सराफीचं दुकान आहे का? मग फी माफीचा अर्ज कशाला जोडलाय?"

मागे रांग मोठी होती. तरी मी त्यांना नीट, सावकाश सांगितलं, जुळारी म्हणजे काय ते.